फ्लेक्सवरील अक्षरे का सरकतात?

प्रश्न : फ्लेक्स छापताना अक्षरांच्या कडा मध्येच सरकतात. हेड बदलावे का? (एक वाचक, सुपा, ता. पारनेर)

उत्तर : शाई फवारणारे हेड वाहून नेणाऱ्या कॅरेजचे स्थान तिच्या मार्गाला समांतर ताणलेल्या पारदर्शक एन्कोडर पट्टीवरून ठरते, तिच्यावर इंचाला बहुधा १५० किंवा १८० बारीक रेषा असतात आणि प्रकाश अडला की सुटला हे ओळखणारा संवेदक त्या मोजतो. त्याचे दोन संकेत एकमेकांपासून पाव आवर्तनाने सरकलेले असल्याने दिशाही कळते, आणि दर रेषेमागे चार नोंदी मिळून १८० रेषांतून इंचाला ७२० स्थाने हाती येतात. शाईच्या तुषारांनी वा धुळीने रेषा झाकल्या की मोजणी चुकते व ठिपके सरकतात. म्हणून हेडच्या मोठ्या खर्चात पडण्याआधी यंत्र बंद करून पट्टी किंचित ओलसर, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलकेच पुसावी. थिनर मात्र टाळावे, कारण त्याने रेषाच पुसल्या जाऊ शकतात.