ईम गांवची सीमा

शास्त्रपाठ : मत्तय 5:23-24, योहान 15:12-17.

इंग्लंडांतील डर्बीशायर परगण्याच्या डोंगराळ मुलखांत ईम नांवाचें एक लहान खेडें आहे. पूर्वीं तेथील लोक शेती, मेंढ्या व शिशाच्या खाणी ह्यांवर निर्वाह करीत. त्या गांवीं 1665 व 1666 सालीं जें घडलें, त्यावर ह्या आठवड्यांत आपण मनन करूं.

1665 सालीं लंडन शहरीं प्लेगानें कहर केला होता. परंपरा अशी कीं, तेथून ईमच्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. तो दमट असल्यामुळें जॉर्ज व्हिकर्स नामक कारागिरानें तो शेकोटीपुढें वाळत घातला. 7 सप्टेंबर रोजीं व्हिकर्सला मूठमाती देण्यांत आली. पुढें मरण घरोघर शिरलें. हिवाळ्यांत रोग कांहींसा ओसरला, परंतु पुढील उन्हाळ्यांत तो पुन्हा भडकला.

गांवीं तेव्हां दोन पाळक होते. थॉमस स्टॅन्ली हे प्युरिटन. सरकारी चर्चचा ठराविक उपासनाविधि त्यांस मान्य नसल्यामुळें 1662 सालीं त्यांचें काम सुटलें होतें. तथापि गांवकऱ्यांचा भरंवसा त्यांवरच होता. विल्यम माँपेसन हे तरुण, नवे, नेमलेले पाळक. दोघांचें मत एक नव्हतें; पण संकटांत ते एक झाले व जून 1666 मध्यें मंडळीपुढें मिळून उभे राहिले. ठरलें तें असें : ज्यानें त्यानें आपलीं प्रेतें आपणच पुरावीं, देऊळ बंद ठेवून उपासना उघड्या खोऱ्यांत व्हावी, आणि कोणीं गांवची सीमा ओलांडूं नये, म्हणजे शेजारच्या गांवांस रोग लागणार नाहीं. शेजारचे लोक सीमेवर अन्न ठेवीत; ईमचे लोक त्याचें मोल शिरक्यांत बुडवून ठेवीत. डेव्हनशायरच्या उमरावानेंही अन्न पुरविलें.

ऑगस्टांत एलिझाबेथ हँकॉक ह्या माउलीनें आठ दिवसांत आपला पति व सहा लेंकरें स्वहस्तें पुरलीं. त्याच महिन्याच्या 25 तारखेस माँपेसन ह्यांची पत्नी कॅथरिन निवर्तली. नोव्हेंबरांत रोग थांबला, तोंवर सुमारें 260 माणसें मेलीं होतीं.

खरें तें लपवूं नये. माँपेसन ह्यांनीं आपलीं मुलें आधींच बाहेर पाठविलीं होतीं. प्लेगाचा जंतु 1894 सालीं सांपडला. तेव्हां ह्या लोकांस रोगाचें मूळ ठाऊक नव्हतें, आणि एकत्र कोंडून राहिल्यानें गांवांत मृत्यु वाढले असावेत, असें कांहीं अभ्यासक मानतात. तथापि शेजाऱ्यासाठीं त्यांनीं जें सोसलें, तें त्यामुळें उणें होत नाहीं.

बंधुभगिनींनो, एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्या. दोघे पाळक वेगळे राहते, तर लोकांनीं कोणाचें ऐकलें असतें? आपल्या मंडळ्यांतही जुन्या व नव्या पाळकांच्या नांवानें तट पडतात. वडील एकमेकांशीं बोलत नाहींत, आणि तरी एकाच मेजाजवळ प्रभुभोजन घेतात. समेट करण्यास आपण मरीची वाट पाहावी काय? हें आम्ही पाळक प्रथम स्वतःसच विचारतों.

विचारासाठीं प्रश्न :
1. आपल्या मंडळींत कोणाशीं समेट व्हावयाचा राहिला आहे?
2. शेजाऱ्याच्या हितासाठीं आपण कोणती सीमा पाळूं?