विळ्या-भोपळ्याचे सख्य

भोपळा हा शब्द आपणा विद्यार्थ्यांच्या कानाला फारसा गोड लागत नाही. गुणपत्रिकेत तो कोणालाच नको असतो, आणि क्रिकेटच्या मैदानावर तो फोडल्याशिवाय फलंदाजाच्या जिवात जीव येत नाही. दोन माणसांचे पटेनासे झाले की त्यांचे सख्य विळ्या-भोपळ्याचे आहे असे आपण म्हणतो. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र खऱ्याखुऱ्या भोपळ्याचा आहे, आणि थोडा विळ्याचाही; कारण भोपळा टिकवण्याची सगळी विद्या एकाच प्रश्नाभोवती फिरते. त्याला पाते लागले आहे की नाही?

इंग्रजीच्या तासाला वॉशिंग्टन अर्व्हिंगची १८२० साली प्रसिद्ध झालेली ‘द लेजंड ऑफ स्लीपी हॉलो’ ही कथा सरांनी सांगितली, तेव्हा सगळा वर्ग त्या मुंडके नसलेल्या घोडेस्वारात रमला होता. माझे लक्ष मात्र दुसऱ्या दिवशी रस्त्यावर फुटून पडलेल्या भोपळ्याकडे गेले. शेतकऱ्याच्या मुलीचे लक्ष आणखी कुठे जाणार? पुढे ग्रंथालयात बसून मी अमेरिकेतल्या हॅलोविन सणाविषयी मिळेल ते वाचून काढले. ३१ ऑक्टोबरच्या रात्री तिकडे घराघरांच्या पायरीवर पोखरलेला भोपळा ठेवतात. त्याला डोळे, नाक आणि दात कोरलेले असतात, आत दिवा असतो. मुले भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागत हिंडतात.

या सणाचे मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या केल्टिक लोकांच्या एका जुन्या सणात आहे. सुगी संपून हिवाळा सुरू होण्याचा तो संधिकाल. त्या रात्री मृतांचा आणि जिवंतांचा वावर एकमेकांत मिसळतो अशी समजूत होती. भोपळा मात्र त्या देशांचा नव्हे. तेथे कंदील करीत ते सलगमाचे. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात असा एक सलगमाचा कंदील प्रतिकृतीच्या रूपाने ठेवलेला आहे. डोनेगल परगण्यातल्या मूळ कंदिलावरून १९४३ साली ती प्लास्टरमध्ये घडवली. कोरलेला कंद टिकवण्याची सर्वांत खात्रीची युक्ती हीच म्हणायची! एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसे पोटासाठी अमेरिकेत गेली आणि तिकडे त्यांना सलगमापेक्षा मोठे, आतून पोकळ, कोरायला सोपे असे फळ आयते सापडले.

भोपळा मूळचा अमेरिका खंडाचाच. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतात गिला नाकित्झ नावाची गुहा आहे, तेथे लागवडीच्या भोपळ्याच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया मिळाल्या आहेत. म्हणजे आमच्या आजीचे डांगर हेही कोलंबसनंतरच्या काळात समुद्र ओलांडून आलेले. वाचताना मला एका गोष्टीची गंमत वाटली. कोरण्याचा अमेरिकन भोपळा कुकुर्बिटा पेपो या जातीचा. आपला लाल भोपळा बहुतेक कुकुर्बिटा मोस्काटा या जातीचा. पण तिकडे खाण्यासाठी जो भोपळा डब्यांत भरतात (त्यातला फार मोठा वाटा एकट्या इलिनॉय राज्यात पिकतो), तो डिकिन्सन नावाचा भोपळा मोस्काटाच. अर्थात पायरीवर मिरवतो तो एक, आणि पोटात जातो तो आपला सख्खा भाऊ. कोरायच्या भोपळ्याचा गर पाणचट आणि तंतुमय असतो.

आता साठवणीकडे वळू. अमेरिकेत भोपळा सप्टेंबरात तयार होतो आणि सण महिन्याभराने असतो. तेवढे दिवस तो अखंड राखायचा, ही तिकडच्या शेतकऱ्याची कसोटी. तिकडच्या कृषी विद्यापीठांनी यासाठी दिलेले नियम मी वहीत उतरवून घेतले आणि सुट्टीत घरी गेल्यावर आईला वाचून दाखवले. आई शाळेत चौथीपर्यंत गेलेली. ती ऐकत होती, आणि प्रत्येक वाक्याला तिचे एकच उत्तर होते : “मग, त्यात नवं काय?”

पहिला नियम असा की, फळ वेलावर पुरते पिकू द्यावे. सालीवर नख रुतले नाही म्हणजे ते तयार झाले. दुसरा नियम, तोडताना तीन-चार बोटे देठ फळाला राखावा, आणि देठाला धरून फळ कधीही उचलू नये. देठ मोडला की तेथे उघडी जखम होते आणि बुरशीला दार सापडते. आमच्याकडे लहान मुलाने भोपळा देठाला धरून उचलला तर पाठीत धपाटा बसतो. त्यामागे हे शास्त्र आहे हे मला एकोणिसाव्या वर्षी कळले. तिसरा नियम, तोडल्यावर सुमारे दहा दिवस २७ ते ३० अंश सेल्सिअस उष्णतेत, हवा खेळती ठेवून, साल पक्की होऊ द्यावी. भोपळा तोडला तरी मेलेला नसतो. तो श्वास घेत असतो, आणि त्या दहा दिवसांत सालीवरचे बारीक ओरखडे तो आपले आपण बुजवतो. नंतर मात्र त्याला गार जागा हवी, १० ते १३ अंशांची. १० च्या खाली फार दिवस राहिला तर गारठ्याने पेशी दुखावतात आणि तो लवकर सडतो. शीतकपाटात अखंड भोपळा ठेवू नये तो याचसाठी. एकावर एक रचू नये, एकमेकांना टेकू देऊ नये, फरशीवर किंवा ओल्या जमिनीवर ठेवू नये. पिकत्या सफरचंदांपासूनही दूर ठेवावा, कारण त्यांतून निघणारा इथिलीन वायू त्याला लवकर म्हातारा करतो.

आमच्या घरात १३ अंश कुठून येणार? परंतु तापमान सोडले तर बाकीचे सगळे आई करतेच. मृगानंतर बांधाला लावलेल्या वेलांचे भोपळे नवरात्राच्या सुमारास येतात. तेव्हा सगळ्यांचेच येतात, आणि बाजारात कोणी भाव विचारीत नाही. म्हणून आई त्यांतले निवडक, निर्दोष असे चाळीसेक भोपळे बाजूला काढते. ते काही दिवस पडवीत राहतात आणि मग माळ्यावर जातात. प्रत्येकाखाली जुन्या लुगड्याची चुंबळ. दर आठवड्याला एक-एक उचलून बूड पाहायचे, देठाभोवती बोटाने दाबायचे. मऊ लागला तर तो त्याच दिवशी चिरायचा किंवा म्हशीला घालायचा, कारण एक सडका भोपळा शेजारच्या चौघांना नेतो. संक्रांतीपर्यंत आठवडी बाजारात दोन-तीन, दोन-तीन असे ती विकते. माझ्या पहिल्या वर्षाच्या खाणावळीचे दोन महिने त्या माळ्यावरून आलेले आहेत. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. तेव्हा भोपळा सडणे ही आमच्याकडे केवळ वनस्पतिशास्त्राची बाब राहत नाही.

शिवाय साठवणीचा भोपळा अधिक गोड लागतो. त्यातल्या पिष्टाची हळूहळू साखर होते. घारगे करावेत ते माळ्यावरच्या भोपळ्याचे, वेलावरून नुकत्याच उतरवलेल्याचे नव्हेत.

येथवर पाते लागलेले नाही. पाते लागताच हिशेब बदलतो. जो भोपळा अखंड असता तर दोन-तीन महिने राहिला असता, तो कोरल्यावर कसाबसा आठवडा काढतो. हवा उबदार असेल तर तीन-चार दिवससुद्धा जड जातात. गरात दहा भागांतले नऊ भाग पाणी. साल गेली की दोन शत्रू एकदमच येतात : पाणी उडून जाऊन फळ सुरकुतते, आणि ओल्या गोड गरावर बुरशी चढते. गंमत अशी की, एकावरचा उपाय दुसऱ्याला खाऊ घालतो. वाळू नये म्हणून ओले ठेवावे तर बुरशी, बुरशी नको म्हणून वाळवावे तर तोंड आत ओढले जाऊन राक्षसाची म्हातारी होते!

तरीही लोक प्रयत्न सोडीत नाहीत. आतला तंतुमय भाग आणि बिया खरवडून अगदी स्वच्छ काढणे, हा निम्मा उपाय आहे. मग बादलीभर पाण्यात कपड्यांचे ब्लीच चमचा-दोन चमचे घालून त्यात भोपळा बुडवतात, उलटा करून निथळतात आणि कोरीव कडांना व्हॅसलीन चोळतात. ब्लीच बुरशीचे बीज मारते, व्हॅसलीन पाणी उडू देत नाही. कोणी व्हिनेगर वापरतात. पण ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीही करू नये, विषारी क्लोरीन वायू निघतो. व्हॅसलीन पेट घेते म्हणून आत मेणबत्तीऐवजी विजेचा लहान दिवा ठेवावा. तसेही मेणबत्ती आतून भोपळा शिजवतेच. दिवसा हा कोरलेला भोपळा शीतकपाटात ठेवला तर चालतो, कारण त्याचे आयुष्य आता असे किती उरले! ब्लीच लावलेला भोपळा मात्र माणसाने खाऊ नये आणि जनावरालाही घालू नये. माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा उपाय साधा आहे : सणाच्या दोन दिवस आधीपर्यंत सुरीला हातच लावू नये.

हे वाचताना आपल्याकडचा दारावर टांगलेला कोहळा डोळ्यांपुढे येतो. वाईट नजर, बाहेरची बाधा घरात येऊ नये म्हणून तो बांधतात. पायरीवरचा अमेरिकन भोपळाही मुळात भुतांना भिववण्यासाठीच. परंतु आपला कोहळा अखंड असतो, आणि पिकल्यावर त्याच्या अंगावर मेणाचा पांढरा थर आपोआप धरतो. व्हॅसलीन चोळायचे काम निसर्गानेच करून ठेवलेले. म्हणून तो महिनोन्‌महिने टिकतो. अखंडपणाविषयीची आपली आणखी एक रीत आहे. पुष्कळ घरांत अख्खा भोपळा किंवा कोहळा बाईने चिरायचा नसतो. पहिला घाव पुरुषाने घालायचा, पुढची भाजी बाईने करायची. चाळीस भोपळे राखणारी माझी आई एक चिरण्यासाठी माझ्या आठवीतल्या भावाची वाट पाहत बसते. मला ही रीत मुळीच पटत नाही, आणि या सुट्टीत मी तसे बोलून, विळीवर बसून दाखवलेही. आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. घारगे मात्र तिने खाल्ले.

आणि पाते लागूनही पिढ्यान्‌पिढ्या टिकतो असा एक भोपळा आपल्याच महाराष्ट्रात आहे : मिरजेच्या तंबोऱ्याचा. त्याचे कूळ वेगळे, तो दुध्याच्या जातीचा. पंढरपूरकडचे शेतकरी तो खास पिकवतात आणि पूर्ण वाळेपर्यंत राखतात. त्याचा गर सुकून नाहीसा होतो आणि साल लाकडासारखी टणक होते. मिरजेचे कारागीर मग तो पाण्यात भिजवून नरम करतात, कापतात, आतून साफ करतात आणि पुन्हा वाळवतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पाणी आधी गेले, पाते मागून आले. हॅलोविनच्या भोपळ्यात हा क्रम नेमका उलटा पडतो.

बियांचे सांगायचे राहिले. भोपळा सडायला लागला तरी बिया बहुधा चांगल्या असतात. त्या गरातून सोडवून धुवाव्यात, राखेत घोळून सावलीत वाळवाव्यात. ज्या भोपळ्याने माळ्यावर सर्वांत जास्त दिवस काढले त्याच्याच बिया आई पुढल्या मृगासाठी ठेवते. यंदाच्या बिया फडक्यात बांधून चुलीवरच्या फळीवर ठेवल्या आहेत.