घटक 4 : केडगावचे पुनरुज्जीवन आणि मराठी पेंटेकोस्टल परंपरा

4.0 उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• केडगाव येथील 1905 च्या पुनरुज्जीवनाची पार्श्वभूमी सांगता येईल.
• पेंटेकोस्टल मंडळीच्या प्रमुख श्रद्धा स्पष्ट करता येतील.
• ‘साक्ष’ या कथनप्रकाराचे वाङ्मयीन स्वरूप तपासता येईल.

4.1 प्रास्ताविक

मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाध्यांमुळे बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईला मराठी वाङ्मयात विशेष स्थान आहे. शब्दांत न मावणारा अनुभव लोकभाषेत कसा आणावा, हा प्रश्न त्या परंपरेपुढे होता. तोच प्रश्न मराठी ख्रिस्ती समाजापुढेही वेगळ्या संदर्भात उभा राहिला. एखाद्या घरात किंवा साध्या सभागृहात भरणारी पेंटेकोस्टल मंडळी मराठीत गाते, प्रार्थना करते आणि साक्ष देते. या परंपरेचा मराठी प्रदेशातील पूर्वेतिहास पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे सापडतो.

4.2 विषय-विवेचन

4.2.1 मुक्ती सदनाचा इतिहास

पंडिता रमाबाई (1858–1922) यांनी 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटिज येथे बाप्तिस्मा घेतला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढील वर्षी ते पुण्यास हलविले. 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून वाचविलेल्या स्त्रिया व मुली यांना आश्रय देताना केडगावच्या शेतजमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. 1900 च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातील मुलीही तेथे आल्या.

वेल्समधील 1904 च्या धर्मजागृतीची वार्ता भारतात पोहोचली होती. जानेवारी 1905 मध्ये रमाबाईंनी आश्रमात विशेष प्रार्थनेचे आवाहन केले. आरंभी सुमारे 70 जणी जमत. जूनपर्यंत ही संख्या सुमारे 550 झाली. जूनअखेरीस मुली रडत पापांची कबुली देऊ लागल्या, तासन्‌तास एकत्र मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. आपल्यावर अग्नी उतरल्याचे काहींनी सांगितले. पुढे त्यांच्यातील तुकड्या आसपासच्या गावांत प्रचारासाठी जाऊ लागल्या. ज्यांना समाजाने बोलण्याचा अधिकार दिला नव्हता, अशा विधवा व अनाथ मुली येथे बोलणाऱ्या झाल्या, ही या घटनेची सामाजिक बाजू होय.

4.2.2 प्रमुख श्रद्धा

‘पेंटेकॉस्ट’ या ग्रीक शब्दाचा अर्थ पन्नासावा. वल्हांडणानंतरच्या पन्नासाव्या दिवशी शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला, अशी कथा ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात येते. तो अनुभव आजही मिळू शकतो, हा पेंटेकोस्टल श्रद्धेचा गाभा आहे. पश्चात्ताप व नवा जन्म, जाणत्या वयात पाण्यात बुडवून दिलेला बाप्तिस्मा, पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा, अन्य भाषा बोलणे, प्रार्थनेने रोगमुक्ती आणि ख्रिस्ताचे पुनरागमन ही तिची अन्य अंगे होत. बहुतेक मंडळ्या त्रैक्य मानतात. काही पंथ मात्र ते नाकारतात.

4.2.3 दोन वादमुद्दे

पहिला मुद्दा उगमाचा. ही चळवळ अमेरिकेतून आली असे सर्रास म्हटले जाते. अमेरिकेत 1901 मध्ये टोपिका येथे तिचा आरंभ झाला व एप्रिल 1906 मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरून ती जगभर पसरली, हे खरे. परंतु केडगावची जागृती अझुसा स्ट्रीटच्या आधीची आहे. शिवाय प्रवाह उलट दिशेनेही वाहिला. मुक्तीतील अमेरिकन कार्यकर्त्या मिनी एब्रम्स यांनी 1906 मध्ये लिहिलेली पुस्तिका चिलीतील हूवर दांपत्याला मिळाली आणि 1909 च्या तेथील पेंटेकोस्टल चळवळीला तिने चालना दिली. म्हणून एकाच उगमाऐवजी अनेक उगमांचा विचार करणे अधिक युक्त ठरते.

दुसरा मुद्दा सिद्धांताचा. अन्य भाषा बोलणे हीच आत्म्याच्या बाप्तिस्म्याची अनिवार्य खूण, असे अनेक पेंटेकोस्टल पंथ मानतात. मुक्तीत अन्य भाषांचा अनुभव नोंदला गेला. तथापि रमाबाईंनी ही खूण सर्वांना बंधनकारक मानली नाही. त्यामुळे मुक्तीला रूढ अर्थाने ‘पेंटेकोस्टल चर्च’ म्हणण्यापेक्षा त्या परंपरेची पूर्वपीठिका म्हणणे योग्य.

4.2.4 साक्ष आणि भाषा

साक्षीची रचना सामान्यतः तीन टप्प्यांची असते : पूर्वीचे जीवन, कलाटणीचा क्षण आणि नंतरचे जीवन. संत बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनपर अभंगांशी तिची तुलना करता येते. मात्र एक भेद महत्त्वाचा आहे. बहिणाबाईंचे शब्द त्यांचे स्वतःचे आहेत. मुक्तीतील मुलींचे अनुभव बहुधा इतरांनी लिहिलेल्या इंग्रजी वृत्तांतांतून आपल्यापर्यंत येतात. त्या मुली आश्रयासाठी संस्थेवर अवलंबून होत्या, हेही विसरता येत नाही. म्हणून अभ्यासकाने अनुभवाची टवाळी करू नये, तसेच वृत्तांत जसाच्या तसा पुरावा मानू नये. कोण बोलते, कोण लिहिते आणि कोणासाठी लिहिते, हे तीन प्रश्न विचारावेत.

साध्या स्त्रियांना समजेल असे बायबल मराठीत असावे, या हेतूने रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून भाषांतर केले. जुन्या धर्मकल्पनांशी निगडित संस्कृतप्रचुर शब्द टाळण्याकडे त्यांचा कल होता. मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियांनीच त्याच्या छपाईचे काम केले. त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये, ते प्रसिद्ध झाले.

4.3 सारांश

दुष्काळ, स्त्रियांचे निराश्रितपण आणि जागतिक धर्मजागृती यांच्या संगमातून केडगावची घटना घडली. तिने मराठी स्त्रियांना सार्वजनिक प्रार्थनेचा व साक्षीचा आवाज दिला. त्या आवाजाची नोंद मात्र प्रायः परक्या भाषेत झाली. हा अंतर्विरोध लक्षात ठेवूनच या परंपरेचे वाचन करावे.

4.4 पारिभाषिक शब्द

मंडळी : ख्रिस्ती उपासकांचा समुदाय.
पाळक : मंडळीचा धर्मसेवक.
कृपादान : आत्म्याकडून लाभते असे मानलेले विशेष सामर्थ्य.

4.5 सरावासाठी स्वाध्याय

1. ‘पेंटेकोस्टल चळवळीचा उगम एकच नाही’ या विधानाची चर्चा करा.
2. साक्ष व संतांचे आत्मनिवेदन यांतील साम्य-भेद लिहा.
3. क्षेत्रकार्य : आपल्या तालुक्यातील एखाद्या मंडळीच्या परवानगीने उपासनेस उपस्थित राहा. तेथील दहा धार्मिक शब्द नोंदवून ते संस्कृत, देशी की परभाषिक आहेत ते ठरवा. सांगणाऱ्यांची नावे लिहू नका.