द्राक्षवेलींचे हिमापासून रक्षण : शाब्ली येथील अनुभव

फ्रान्स देशात बर्गंडी प्रांताच्या उत्तर टोकास शाब्ली नावाचे एक लहान गाव आहे. भोवतालच्या टेकड्यांच्या उतारांवर शार्दोने जातीच्या पांढऱ्या द्राक्षाची लागवड असून तिच्यावरच त्या गावाचा चरितार्थ चालतो. तेथील बागाईतदारास हिवाळ्याचे फारसे भय नाही. वेल निजलेली असता शून्याखाली पंधरा अंशांची थंडीही ती बहुधा सोसते (या लेखातील सर्व अंश सेल्सिअसचे समजावेत). भय आहे ते एप्रिलचे. मार्चअखेर ऊब पडून रस चढू लागला व डोळे फुगले, की त्याच वेलीची सहनशक्ती नाहीशी होते. फुगलेला डोळा शून्याखाली तीन-चार अंशांवर मरतो, आणि पाने उलगडलेली कोवळी फूट तर एक-दोन अंशांतच काळवंडून जाते. प्रत्येक डोळ्यात मुख्य कोंबाखेरीज राखीव कोंब असतात, म्हणून वेल सहसा मरत नाही. परंतु राखीव कोंबावर घड थोडे येतात आणि वर्षाचे उत्पन्न बुडते.

1945 व 1957 या साली शाब्लीचे जवळजवळ सर्व पीक अशा रीतीने गेले. पुष्कळांनी द्राक्षाची आशा सोडली होती. पुढे बागेत शेगड्या पेटविणे व वेलींवर पाण्याचे तुषार उडविणे हे उपाय तेथे रूढ झाले आणि लागवड पुन्हा वाढत गेली. आज ती पाच हजार हेक्टरांहून अधिक आहे. तथापि संकट टळले असे नव्हे. 2021 साली मार्चच्या शेवटच्या दिवसांत उन्हाळ्यासारखी ऊब पडून डोळे लवकर फुटले, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लागोपाठ हिम पडले. त्या वर्षी सबंध फ्रान्सचे मद्योत्पादन आदल्या वर्षाहून सुमारे एक-पंचमांशाने घटले. पुढे आलेल्या रोगांचाही त्यात भाग होता, परंतु मुख्य घाव हिमाचाच. पृथ्वीचे उष्णतामान वाढत असता हिमाचे भय कमी व्हावे, असे कोणासही वाटेल. पण वेल लवकर जागी होते आणि एप्रिलची रात्र मात्र पूर्वीसारखीच दगा देते.

आमच्या वाचकांस या दूरदेशीच्या हकिगतीचे प्रयोजन काय, हे सांगितले पाहिजे. आपल्याकडे एप्रिलात हिम पडत नाही हे खरे. परंतु नाशिक जिल्ह्यात, विशेषतः निफाडच्या बाजूस, डिसेंबर-जानेवारीत पारा कित्येक वर्षी पाच अंशांखाली उतरतो, आणि त्या वेळी गोडी छाटणीनंतरचा माल वेलीवर असतो. अशा रात्री आमचा शेतकरी बागेत शेकोट्या करतो व पहाटे पाणी सोडतो. यांपैकी कोणते श्रम कामी येतात व कोणते वाया जातात, हे ठरविण्यास शाब्लीचा अनुभव उपयोगी पडेल.

प्रथम थंडी कोठून येते ते पाहू. आकाश निरभ्र व वारा निवांत असला, म्हणजे जमीन व पाने आपली उष्णता रात्रभर आकाशाकडे टाकीत राहतात. त्यांच्या लगतची हवा निवते, निवली की जड होते, आणि उतारावरून पाण्यासारखी वाहत जाऊन सखल जागी साचते. त्याच वेळी दहा-पंधरा मीटर उंचीवरील हवा दोन-चार अंशांनी अधिक उबदार असते. थंडीचा दुसरा प्रकार वाऱ्याचा. यात दूरच्या प्रदेशातील गार हवाच लोटून येते. वर उबदार थर असा उरतच नाही. पहिल्या प्रकारावर मनुष्याचा इलाज चालतो. दुसऱ्यावर फार थोडा चालतो, व त्या रात्री जाळलेले इंधन बहुतांशी वाऱ्यावर जाते.

आता धुराविषयी. ओला पालापाचोळा जाळून दाट धूर केला म्हणजे तो ढगाप्रमाणे बागेवर पांघरूण घालतो, असा समज सर्वत्र आहे. आमच्या मते तो सोडून दिला पाहिजे. ढगातील पाण्याचे थेंब जमिनीतून निघणारी उष्णता अडवितात ही गोष्ट खरी. परंतु धुराचे कण बहुधा एक मायक्रॉनहूनही लहान असतात आणि त्या उष्णतेच्या लहरी दहा मायक्रॉनच्या आसपासच्या. त्या धुरातून जवळजवळ बिनअडथळा निघून जातात. उपयोग होतो तो जाळाच्या उबेचा, धुराचा नव्हे. उलट सूर्योदयानंतर तोच धूर सूर्यकिरणांस अडवून बाग तापण्यास विलंब लावतो. बर्गंडीच्या शेतकऱ्यांनी 2017 च्या एप्रिलअखेर जागोजाग ओला पेंढा जाळला, तो याच विलंबासाठी : गोठलेली फूट कोवळ्या उन्हाने एकाएकी वितळून करपू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. आपल्याकडे फूट गोठण्यापर्यंत पाळी क्वचितच येते, तेव्हा त्या अनुकरणाचे कारण नाही. शेकोट्या कराव्यात तर सुक्या लाकडाच्या, लहान व पुष्कळ कराव्यात. एकच मोठा जाळ केल्यास तप्त हवा उबदार थर भेदून सरळ वर निघून जाते आणि तिच्या जागी चोहोंकडून गार हवा आत ओढली जाते. फ्रान्समध्ये मेणाने भरलेले डबे पेटवितात. ते एकरी दीडशे-दोनशे लागतात आणि खर्च ऐकून आमचा शेतकरी हात जोडील. उंच खांबावरचे मोठे पंखे वरची ऊब खाली आणतात, पण ते पहिल्या प्रकारच्या थंडीतच.

सर्वांत विलक्षण उपाय पाण्याचा. पाणी गोठताना दर ग्रॅमास 80 कॅलरी उष्णता बाहेर पडते. म्हणून फुटीवर रात्रभर तुषार पडत राहिले, तर तिच्यावर बर्फाचे कवच चढते, पण आतील कोंब शून्याच्या आसपास टिकून जिवंत राहतो. बर्फाने बर्फापासून रक्षण, हे ऐकण्यास चमत्कारिक आहे खरे. यात धोका असा, की एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 600 कॅलरी उष्णता खर्च होते, म्हणजे गोठताना मिळते तिच्या साडेसातपट. हवा कोरडी असली, वारा सुटला, किंवा पाणी अपुरे पडले, तर बाग तापण्याऐवजी निवते आणि काहीच न केलेल्या शेजाऱ्यापेक्षा अधिक हानी होते. तासास तीन मिलिमीटर या हिशेबाने आठ तासांत हेक्टरी 2,40,000 लिटर, म्हणजे एकरी सुमारे 97,000 लिटर पाणी लागते. एकदा आरंभिले, की हवा शून्यावर चढून बर्फ सुटू लागेपर्यंत ते थांबविता येत नाही. मध्यरात्री पंप बंद पडला तर सर्वनाश. आमच्याकडील विजेचा स्वभाव वाचकांस ठाऊक आहेच.

म्हणून निफाडच्या बागेत पानांवर तुषार उडविण्याची शिफारस आम्ही करीत नाही. त्यायोगे पाने ओली राहून केवड्यास आमंत्रण मिळते ते निराळेच. जमिनीस पाणी देणे मात्र योग्य. ओली जमीन दिवसाची उष्णता अधिक साठविते व रात्री ती हळूहळू वर देते. कोरडी भुसभुशीत माती वा गवताचे आच्छादन यांस हे साधत नाही. तेव्हा थंडीची चाहूल लागताच आदल्या दिवशी दुपारपूर्वी ठिबकाने जमीन भिजवावी, ओळींमधील गवत काढून टाकावे, आणि त्या आठवड्यात कोळपणी करू नये. विहिरीचे पाणी हिवाळ्याच्या पहाटेच्या हवेहून पुष्कळ उबदार असते, म्हणून पहाटे थोडे पाणी पुन्हा सोडण्यातही लाभ आहे. मणी मऊ पडू लागल्यावर मात्र हात आखडता घ्यावा, कारण एकाएकी पाणी मिळाल्यास मणी तडकतात.

शाब्लीचे शेतकरी सखल तुकड्यांतील वेली मुद्दाम उशिरा छाटतात, म्हणजे डोळेही उशिरा फुटतात. आपल्याकडे छाटणीच्या तारखेने मालाची वेळ व बाजारभाव ठरत असल्याने ही मोकळीक थोडी. तथापि नवी बाग लावणाऱ्याने जागा निवडताना पाहावे, की गार हवेस खाली निघून जाण्यास वाट आहे. उताराच्या पायथ्याशी आडवी भिंत किंवा दाट कुंपण असेल तर हवा तेथे तळ्यासारखी तुंबते. कुंपण तळाशी विरळ केल्यानेही फरक पडतो.

राहिली गोष्ट उष्णतामापकाची. तो बहुधा घराच्या ओसरीवर टांगलेला असतो आणि तेथील आकडा पाहून शेतकरी निश्चिंत निजतो. ओसरीवर पाच अंश असता बागेच्या सखल कोपऱ्यात दोनच असू शकतात, आणि उघड्या आकाशाखालील पान लगतच्या हवेहूनही एक-दोन अंशांनी गार असते. यंत्र बागेतील सर्वांत खोलगट जागी, घडांच्या उंचीवर टांगावे. पहाटे चारपासून ते दर अर्ध्या तासाने पाहावे आणि सूर्य उगवताच परतू नये. रात्रीचे नीचतम उष्णतामान पुष्कळदा सूर्योदयाच्या सुमारासच येते.