बारावर आलेलं ॲव्हरेज

हे बघ, गाडी विकायचा विषय आत्ता काढूच नकोस. सोळा देणारी गाडी बारावर आली म्हणजे ती संपली असं नसतं. पेट्रोल कुठेतरी जातंय, आणि कुठे जातंय ते शोधता येतं. त्यातलं निम्मं तर गॅरेजची पायरी न चढता, तुझ्या गणपतीपुळ्याच्या अंगणात उभं राहून शोधता येतं. खोल्यांचं सामान, बाजार, पोरांची शाळा, पाहुण्यांना रत्नागिरी स्टेशनवरून आणणं, असं सगळं धरून महिन्याला हजार किलोमीटर तरी तुझे होतातच. सोळाच्या हिशोबाने त्याला साडेबासष्ट लिटर लागतात, बाराच्या हिशोबाने त्र्याऐंशी. वीस-एकवीस लिटरचा फरक, आणि पेट्रोल शंभराच्या पुढे. दर महिन्याला दोन हजारांवर पैसे नुसते धुरात जातायत. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असताना दोन हजार म्हणजे काय, ते मी तुला सांगायला नको.

पण आधी मला सांग, हा बाराचा आकडा तू काढलास कसा? पाचशेचं टाकलं आणि अमुक दिवस पुरलं, हा काही हिशोब नव्हे. काट्यावरही जाऊ नकोस, जुन्या गाडीचा काटा चढाला एक दाखवतो आणि उताराला दुसरंच. टाकी फुल कर. नोझल आपोआप बंद झाली की तिथेच थांबायचं. पंपावरचा मुलगा आकडा गोल करायला पुन्हा दाबायला लागला तर सरळ नको म्हण. किलोमीटर लिहून घे. मग नेहमीसारखी चालव, आणि टाकी पाव राहिली की त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशीनवर, पुन्हा आपोआप बंद होईपर्यंत भर. समजा मधे ३२२ किलोमीटर झाले आणि आता २४.८ लिटर बसलं, तर भागाकार करून तेराच्या जवळपास येतात. असं लागोपाठ दोन टाक्यांचं कर, एका टाकीवर काही ठरवू नकोस. छोटी वही गाडीतच ठेव. तिच्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे होईल.

आणि जाहिरातीतल्या आकड्याशी तुलना करून जीव जाळू नकोस गं. हे आकडे पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय म्हणून संस्था आहे ना, १९६६ सालची, तिथल्यासारख्या चाचण्यांतून येतात. त्यात गाडी रस्त्यावर धावत नाही, प्रयोगशाळेत रोलरवर धावते, एसी बंद ठेवून, ठरवून दिलेल्या वेगाने. तिथे ना आरे-वारेचा चढ, ना अंगारकीला देवळाच्या रस्त्यावर लागलेली रांग. तुझ्या गाडीची तुलना तिच्या स्वतःच्याच जुन्या आकड्याशी कर, तीही त्याच रस्त्यावर. चाफे-जाकादेवीवरून निवळीला गेलीस तर एक आकडा येईल, नेवरे-बसणीवरून किनाऱ्याने गेलीस तर वेगळा.

तुझं फिरणं बदललंय का, तेही आठव. पूर्वी आंबा घाट चढून कोल्हापूरला जाणं व्हायचं, लांबच्या रस्त्यावर ॲव्हरेज भरून निघायचं. आता बरीचशी गाडी फिरते ती मालगुंडपर्यंत आणि परत. एवढ्याशा अंतरात इंजिन नीट तापतही नाही, आणि थंड इंजिनाला पेट्रोल जास्तच लागतं. मे महिन्यात, दिवाळीच्या सुट्टीत गावातल्या गर्दीत एसी लावून उभी राहिलीस तर तासाला अर्धा ते एक लिटर तसंच जळतं, गाडी जागची हललेली नसताना. हा काही गाडीचा दोष नव्हे.

आता इथेनॉलचं बोलू, कारण तुला भेटणारा प्रत्येक जण तेच सांगणार. ते खोटं नाही. २०३० साठी ठरवलेलं वीस टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट सरकारने अलीकडे ओढून २०२५ वर आणलं आणि पंपावर आता तेच मिश्रण मिळतं. लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या, दहा टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणासाठी बेतलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज यामुळे सहा ते सात टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दिला होता. मग हिशोब कर. सोळाचे सात टक्के म्हणजे जेमतेम एक किलोमीटर. इथेनॉलच्या नावावर एक किलोमीटर लिही आणि तिथेच थांब. सोळाचे पंधरा त्याने केले. पंधराचे बारा कोणी केले, ते आपल्याला शोधायचंय. लोक सगळं खापर पेट्रोलवर फोडून मोकळे होतात आणि गाडीतला खरा बिघाड तसाच राहतो, याचं मला फार वाईट वाटतं.

इथेनॉलची दुसरी बाजू म्हणजे जुने रबरी पाइप आणि वायसर. ते या मिश्रणाला लवकर दमतात. सकाळी गाडीजवळ गेल्यावर पेट्रोलचा वास येतो का बघ. येत असेल तर बाकी सगळं सोड, आधी पाइप बदलून घे. तिथे ॲव्हरेजचा प्रश्नच नाही, आगीची भीती असते. आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून आपल्या पावसात रिकाम्या टाकीची गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नये. मुंबईकरांच्या गावी ठेवलेल्या गाड्या गणपतीत सुरू करायच्या वेळी कुरकुरतात, त्याचं एक कारण हेही असतं.

माझा पहिला संशय मात्र तुझ्या चाकांवर आहे. घर समुद्राच्या एवढं जवळ, वारा खारा, वर चार महिन्यांचा पाऊस. अशा हवेत ब्रेकच्या पिना आणि हँडब्रेकची केबल गंजते. पाय काढला तरी ब्रेक पूर्ण सुटत नाही, किंचित धरूनच राहतो. गाडी चालते, आवाजही येईलच असं नाही, पण इंजिन दिवसभर त्या धरलेल्या चाकाशी भांडत असतं.

हे तपासायला पाना लागत नाही. रत्नागिरीहून येताना शेवटचा सपाट तुकडा शक्यतो ब्रेक न मारता ये. अंगणात थांबलीस की उतरून चारही चाकांजवळ तळहात ने. टेकवू नकोस, भाजेल. बोटभर अंतरावर धर. पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त तापलेली असणारच, त्याने घाबरू नकोस. तुलना करायची ती डाव्या-उजव्याची. पुढचं डावं कोमट आणि उजव्यातून तव्यासारखी धग येतेय, तर चोर सापडला. मागच्याचंही तसंच. दुसऱ्या दिवशी सपाट जागेवर गाडी न्यूट्रलला टाक, हँडब्रेक सोड आणि मागून ढकलून बघ. एवढीशी गाडी तुला एकटीला हलायला हवी. रेटा देऊनही ढिम्म राहिली तर मेकॅनिकला सांग, जॅकवर चढव आणि एकेक चाक हाताने फिरवून दाखव. पिना साफ करून ग्रीस लावणं, केबल मोकळी करणं किंवा बदलणं, हे काही इंजिन उतरवण्यासारखं मोठं काम नाही. आणि हे मी नुसत्या पेट्रोलसाठी सांगत नाहीये. सतत धरलेला ब्रेक तापतो, आणि उतारावर ऐन वेळी दगा देतो. पोरं मागे बसलेली असतात तुझी.

इथून पुढे पावसाळ्यात गाडी दोन-चार दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नकोस. गिअरमध्ये टाक आणि चाकाला दगड लाव.

चाकांचं बघतेच आहेस तर हवाही बघ, पण टायर थंड असताना, म्हणजे घराजवळच्या पंपावर. हवा तीसच्या जागी वीस निघाली तर तेवढ्याने दोनेक टक्केच पेट्रोल जास्त जातं, म्हणून हवेकडून चमत्काराची अपेक्षा नको. तरी भर, टायर वाचतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी हातात राहते.

आता मी तुला एक अशी गोष्ट विचारते जी गॅरेजवाला आपणहून सांगणार नाही. मागे उन्हाळ्यात गाडी तापत होती, तेव्हा कोणी थर्मोस्टॅट काढून टाकलाय का? जुन्या गाड्यांत हे सर्रास करतात. गाडी तापते ना, मग वॉल्वच काढून टाका, पाणी अखंड फिरू दे. गाडी तापायची थांबते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण तो वॉल्व इंजिनाला तापू देण्यासाठीच असतो. साधारण ८० ते ९० अंशांना तो उघडतो, तोवर पाणी रेडिएटरकडे सोडत नाही. तो नसला किंवा उघडाच अडकला, तर आपल्या पावसातल्या उतारांवर इंजिन थंडच राहतं. कॉम्प्युटरला वाटतं गाडी आत्ताच सुरू झालीय, आणि तो जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो.

ओळखायचं कसं? तुझ्या डॅशबोर्डवर निळा दिवा असेल तर तो निघाल्यावर थोड्या वेळात विझायला हवा. बसणी आली तरी जळतोय, तर संशय घे. तापमानाचा काटा असेल तर तो मधे येऊन स्थिर राहतो की उतार लागला की खाली घसरतो, ते बघ. आणि थर्मोस्टॅट काढलेलाच असला तर नवा बसवून घे. जुना जागेवर असला तर काढायला लावून घरी घेऊन ये. ज्यात पुन्हा स्वयंपाक करायचा नाही असं एखादं टाकाऊ पातेलं घे, कारण कूलंट विषारी असतं. पाण्यात वॉल्व दोऱ्याने लटकव, बुडाला टेकू देऊ नकोस, आणि गॅस लाव. गार पाण्यात मधली पितळी चकती घट्ट बसलेली दिसेल. पाणी उकळीला आलं की ती हळूहळू वर उचलली जाते आणि कडेने फट पडते. गार होताना पुन्हा मिटते. गार पाण्यातच उघडी असेल तर टाकून दे. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना कधीच उघडायचं नाही, कोणी काही सांगो.

इंजिन पेट्रोल जास्त घेतंय का, हे कळायला तुझ्याकडे एक कागद आधीच आहे, पीयूसी. त्यावर सीओचा आकडा छापलेला असतो. बीएस-४ गाडीला तो ०.३ टक्क्याच्या आत लागतो. मागच्या तीन-चार पावत्या काढ आणि आकडा चढत गेलाय का बघ. चढला असेल तर मिश्रण घट्ट झालंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. अर्थात सायलेन्सरमध्ये नळी घालून, गाडी तापलेली असताना घेतलेलं रीडिंगच कामाचं. मग ऑक्सिजन सेन्सर, तापमानाचा सेन्सर, गळणारा इंजेक्टर अशी नावं येतात. ऑक्सिजन सेन्सर पार बिघडलेला असला तर तो बदलल्यावर ॲव्हरेजमध्ये फार मोठा फरक पडू शकतो. पण तो महाग पार्ट आहे, म्हणून स्कॅनर लावून रीडिंग दाखवल्याशिवाय बदलायला हो म्हणू नकोस. प्लग काढतील तेव्हा जवळ उभी राहा. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. ओलसर तेलकट काळं असेल तर ऑइल वर येतंय.

एअर फिल्टर बदल, तुमच्याकडे धूळ आणि वाळू आहेच. पण इंजेक्शनच्या गाडीत त्याने ओढ सुधारते, पेट्रोल फारसं वाचत नाही. कार्बोरेटरच्या गाड्यांत वाचायचं. क्लच मात्र बघ. आरे-वारेच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जोरात ॲक्सिलरेटर दाबलास आणि इंजिन नुसतं ओरडलं, गाडीने वेग घेतला नाही, तर क्लच घसरतोय. चढावर थांबताना अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरायची नाही, हँडब्रेक ओढायचा.

गॅरेजमध्ये जाशील तेव्हा वही घेऊन जा. ‘ॲव्हरेज देत नाही’ असं मोघम सांगितलंस तर ‘जुनी गाडी आहे ताई, असंच चालायचं’ हे उत्तर ठरलेलं. ‘दोन टाक्यांना तेरा आणि पावणेतेरा आलं, उजवं चाक तापतं, निळा दिवा बसणीपर्यंत विझत नाही’ असं सांगितलंस की समोरचा माणूस बॉनेट उघडतो. बाई आहे म्हणून मागे उभं राहायचं नाही; गाडी तुझी, पैसे तुझे. काढलेला पार्ट परत माग. आणि एका वेळी एकच काम करून घे, मग एक टाकी चालव, मग पुढचं. चार कामं एकदम केलीस तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

एवढं सगळं होऊनही आकडा हलला नाही, सायलेन्सरमधून निळा धूर येतो, ऑइल सारखं घालावं लागतं, तर कम्प्रेशन तपासून घे. ते उतरलेलं निघालं तर इंजिनाचंच काम आलं. मग विकायचा विचार रास्त आहे. त्यात पंधरा वर्षं भरत आली असतील तर एमएच-०८ च्या आरटीओत पुन्हा नोंदणीची फी, जी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली आहे, वर पर्यावरण कर, हेही त्याच वहीत मांड. तो कम्प्रेशनचा आकडा मिळाला की गिऱ्हाईक बघायच्या आधी मला फोन कर, भाव किती सांगायचा ते मिळून ठरवू.