जुन्या संगणकावर इमारतीचा कारभार : वायरमन बांधवांसाठी एक नवे कसब

अंबड तालुक्यातील अंकुशनगर हे साखर कारखान्यामुळे नावारूपाला आलेले गाव. अशा गावांच्या आसपास दुकानांचे गाळे, गोदामे, मंगल कार्यालये उभी राहतात. त्यांची वायरिंग आपलेच कारागीर करतात. परंतु प्रत्येक गाळ्याचे युनिट वेगळे कळावेत, टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हावा, असे मालकाने म्हटले की काम शहरातील कंपनीकडे जाते. वास्तविक हे काम स्थानिक वायरमनला शिकता येण्यासारखे आहे. त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर फुकट मिळते. लागतो तो अभ्यास.

कोणते सॉफ्टवेअर?

लिनक्सवर चालणारी अशी अनेक सॉफ्टवेअर आहेत. त्यांपैकी 'ओपनहॅब' येथे घेतले आहे. जर्मनीतील काय क्रॉयट्सर यांनी ते २०१० साली सुरू केले. त्याचा परवाना खुला असून धंद्यासाठी वापरण्यास मोकळीक आहे. २०२५ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीला जावा २१ लागते आणि ३२ बिटचा संगणक चालत नाही. म्हणून ६४ बिटचा, ४ जीबी रॅमचा जुना संगणक निवडावा व त्यात शक्यतो एसएसडी बसवावी. वीज गेली तरी तो चालू राहावा यासाठी यूपीएस किंवा इन्व्हर्टरची सोय करावी.

बसवण्याचा क्रम

१) संगणकावर डेबियन १३ टाकावे. यात जावा २१ मिळते. डेस्कटॉप घेऊ नये. एसएसएच सर्व्हर मात्र घ्यावा, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून काम करता येते.

२) संगणक राउटरला केबलने जोडावा व राउटरमध्ये त्याचा पत्ता कायम करून ठेवावा. पत्ता बदलत राहिला तर मालकाला रोज शोधाशोध करावी लागेल.

३) जावा बसवून ओपनहॅबची अधिकृत सही-किल्ली व भांडाराचा पत्ता नोंदवावा. मग 'ॲप्ट'ने यादी ताजी करून ओपनहॅब बसवावे.

४) 'सिस्टमसीटीएल'ने ही सेवा सुरू करावी आणि संगणक चालू होताच ती आपोआप सुरू होईल अशी नोंद करावी. पहिल्या खेपेस काही मिनिटे लागतात. घाई करू नये.

५) दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता व ८०८० हा पोर्ट लिहावा. प्रथम व्यवस्थापकाचे खाते उघडावे.

आधी मीटर वाचावे

सुरुवात स्विच चालवण्यापासून नव्हे, तर मीटर वाचण्यापासून करावी. मॉडबसची सोय असलेला वीजमीटर घेऊन त्याची ए व बी ही टोके आरएस-४८५ ते यूएसबी कन्व्हर्टरला जोडावीत. मीटरचा क्रमांक व वेग (उदा. ९६००) दोन्ही बाजूंस एकच हवा. 'ओपनहॅब' या वापरकर्त्याला 'डायलआउट' गटात घ्यावे. नाहीतर जोडणी बरोबर असूनही पोर्ट उघडत नाही. नंतर मॉडबसचे ॲड-ऑन बसवावे.

ओपनहॅबमध्ये 'थिंग' म्हणजे प्रत्यक्ष यंत्र, 'आयटम' म्हणजे त्याचा आकडा किंवा स्विच, आणि 'रूल' म्हणजे केव्हा काय करावे हा हुकूम. आलेला आकडा मीटरच्या पडद्याशी ताडून पाहावा. तो भलताच दिसला तर बहुधा रजिस्टरचा क्रमांक किंवा क्रम चुकलेला असतो. मीटरची पुस्तिका पाहावी.

पंपाबाबत खबरदारी

तीन अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर चालताना सुमारे ५ अँपिअर घेते. थेट स्टार्टरवर सुरू होताना पाच-सहा पट. म्हणून १० अँपिअरच्या छोट्या रिलेवर मोटर कधीही जोडू नये. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी. एमसीबी, ओव्हरलोड रिले व टाकीतील फ्लोट स्विच जागेवरच ठेवावेत. संगणक बंद पडला तरी टाकी वाहू नये व मोटर जळू नये, हीच चांगल्या कामाची कसोटी.

राउटरमधून ८०८० पोर्ट इंटरनेटला उघडून देऊ नये. बाहेरून पाहणे गरजेचे असेल तर वायरगार्डसारखे व्हीपीएन वापरावे. 'ओपनहॅब-सीएलआय'च्या बॅकअप आज्ञेने दरमहा प्रत काढून ती पेनड्राइव्हवर वेगळी ठेवावी.

व्यवहार चोख असावा

सॉफ्टवेअर मोफत आहे, तेव्हा त्याची किंमत बिलात लावू नये. सामान, बसवण्याची मजुरी व वार्षिक देखभाल यांचे आकडे वेगवेगळे लिहावेत. सर्व पासवर्ड, वायरिंगचा नकाशा आणि मीटरचे क्रमांक मालकाच्या हाती लेखी द्यावेत. ग्राहकाला अडकवून ठेवलेले काम एकदाच मिळते. विश्वासाचे काम शेजारच्या गाळ्यापर्यंत जाते. होतकरू तरुणांनी आधी आपल्याच दुकानात एक मीटर महिनाभर चालवून पाहावा आणि मगच दुसऱ्याचे काम अंगावर घ्यावे.