हिशेबाच्या राखीव प्रतीची परीक्षा

सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्यापूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहतात. किमान ७० उगवल्यास ते पेरणीयोग्य समजतात. बेंबळीसारख्या गावातील कृषी सेवा केंद्राच्या चालकाने संगणकातील कीर्द-खतावणीच्या राखीव प्रतीसही अशीच कसोटी लावावी. खरिपातील उधारी सुगीनंतर वसूल व्हावयाची असते. मध्यंतरी संगणक बिघडला व प्रतही उघडेना, तर येणे सिद्ध कशाने करावयाचे? पेन ड्राइव्हवर फाइलचे नाव दिसणे पुरेसे नव्हे. दरमहा ती दुसऱ्या संगणकावर उघडून उधारीची पाच खाती व खताचा साठा पावत्यांशी ताडावा. मूळ हिशेबावर मात्र ती चढवू नये. नंतरच्या नोंदी पुसल्या जातात. एक प्रत परगावी ठेवावी; ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात या जिल्ह्यातही घरे कोसळली होती. पडताळणीची तारीख वहीत शाईने लिहावी.